जानीच्या मडक्यावरचं पान

देवाला मी नारळ फोडते, पण तो सवयीनं. भूतखेत, करणी, अंगात येणं, यातलं मला कधीच काही खरं वाटलं नाही. आमच्या सासरच्या घराण्यात दोन बायांच्या अंगात यायचं. मी म्हणायची, "बाय, घुमून झालं की झिऱ्यावरून एक मडकं पाणी घेऊन ये." लगेच उतरायचं. तेव्हा खाली लिहिलंय ते मी भोळेपणानं लिहिलंय असं कुणी समजू नये.

माझं शिक्षण चौथी. माहेर सूर्यमाळचं, पण जव्हारला मामाकडे राहून संस्थानच्या मुलींच्या शाळेत चार बुकं शिकले. शुद्धलेखन संपादकांनी बघून घ्यावं. मजकूर मात्र बदलू नये.

लिहायचं कारण असं, की तुमच्या मागच्या अंकात एका बाईंचा लेख होता. शनिवार-रविवार दोन दिवस जाऊन यावं अशी फारशी कुणाला माहीत नसलेली गावं. त्यात आमचं जव्हार आहे. राजवाडा, सूर्यास्त, दाभोशाचा धबधबा, थंड हवा, साधीभोळी माणसं... सगळं बरोबर लिहिलंय, साधीभोळी सोडून. माणसं सगळीकडे असतात तशीच इथं आहेत. पण जरूर यावं. संध्याकाळी पश्चिमेच्या कड्यावर बसलं की खाली डोंगरामागे डोंगर दिसतात आणि वारा असा येतो की दिवसभराचा घाम विसरतो. राजवाडा बघून घ्यावा. काजू घ्यायचे तर वैशाखात घ्यावेत.

बाईंनी एक लिहिलंय, "हे गाव पर्यटकांना आत्ता आत्ता कळू लागलं आहे." तेवढं खरं नाही. दोन दिवसांचे पाहुणे जव्हारला राजाच्या राज्यातसुद्धा येत होते. मला माहीत आहे, कारण त्यांच्या आंघोळीचं पाणी मी वाहिलं आहे.

तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांची असेन. जव्हारच्या बाजारात कासमशेट म्हणून हिरड्याचा आणि लाकडाचा व्यापारी होता. त्यानं गावाबाहेर कड्यावर चार खोल्यांचा एक बंगला बांधला आणि मुंबईच्या लोकांना दोन-तीन दिवसांसाठी द्यायला लागला. त्याचं म्हणणं, "माथेरानात आता लोक एकमेकांचीच हवा खातात. शरीफ माणूस इकडंच येणार." लोक त्याला हसले, पण पाहुणे येऊ लागले. डहाणू रोडला आगगाडीतून उतरायचं, तिथून सर्व्हिस मोटार. शुक्रवारी संध्याकाळी लाल धुळीनं माखून यायचे, सोमवारी सकाळी परत.

माझा नवरा त्या बंगल्याचा राखणदार. बंगल्यामागे आम्हाला एक खोली होती, कौलारू. पाड्यावरच्या झोपड्यांना पेंढ्याची छपरं, आम्हाला कौलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते या कौलांपायी झालं.

बंगल्याखाली सात झोपड्यांचा पाडा होता आणि पाड्याच्या नि बंगल्याच्या मधे झिरा. झिरा म्हणजे विहीर नव्हे. कातळात एक खळगा, त्यात फटीतून पाणी झिरपायचं. पावसाळा ते होळी, काही अडचण नाही. चैत्र लागला की पाणी मंद व्हायचं, वैशाखात असं की एक मडकं भरेपर्यंत दोन शेर नागली दळून व्हावी. करवंटीनं खरवडून खरवडून घ्यायचं. उन्हं चढली की खळगा कोरडा. मग दिवस मावळल्यावर पुन्हा झिरपायला लागायचं.

त्यामुळे पहाटे रांग लागायची. रांग बायांची नाही, मडक्यांची. तिकडे रीत अशी की मडकं रांगेत असलं की बाई रांगेत. घरी पोर रडत असेल, गाय व्यायला झाली असेल, तर मडकं ठेवून बाई जायची. तिची पाळी आली आणि ती नसली तर तिच्या मागच्या बाईनं आधी तिचं मडकं भरायचं, बाजूला सावलीत ठेवायचं, त्यावर पळसाचं पान झाकायचं आणि मग आपलं भरायचं. स्वतःचं भरणारी पान झाकत नाही. ती उचलते आणि चालू लागते. पान झाकलेलं दिसलं की समजायचं, हे दुसरीनं भरून ठेवलंय. त्या मडक्याला कुणी हात लावत नसे. सूर्यमाळला तेच, इथं तेच. भांडणं सगळ्यावरून व्हायची, पण यावरून मी माझ्या जन्मात झालेलं ऐकलं नाही.

आणखी एक. वैशाखात पाणी उसनं मागायचं नाही. मागितलं आणि समोरचीला नाही म्हणावं लागलं तर तिला पाप. म्हणून मागायचंच नाही.

पाड्यावर जानी म्हणून होती. माझ्याच वयाची. तिचा नवरा त्या वेळी वसईकडे मिठागरावर गेलेला. उन्हाळ्यात पुरुष तिकडेच असायचे. घरात ती आणि चार-पाच वर्षांची मुलगी, चंदी. जानी माझी मैत्रीण होती म्हटलं तर चालेल. आम्ही मैत्रीण वगैरे शब्द वापरत नव्हतो. ती मला कौलवाली म्हणायची. "काय कौलवाली, आज पाय जमिनीला लागले वाटतं." मी तिला शेंबडी म्हणायची, कारण तिला बारा महिने सर्दी. तिचं एक मडकं होतं, कानाजवळ फुटलेलं आणि राळेनं सांधलेलं. राळेचा ठिपका रुपयाएवढा, काळा. दहा मडक्यांत ते ओळखू यायचं. मी म्हणायची, "टाक ते." ती म्हणायची, "तुझ्या नाकाला छिद्र हाय, मग तुला टाकली का?"

तो शनिवार होता. आदल्या संध्याकाळी गिरगावचं एक जोडपं बंगल्यावर उतरलं. साहेब फोर्टात कुठल्याशा ऑफिसात होते. बाई सुधारलेल्या. स्टोव्ह बरोबर आणलेला, स्वयंपाक स्वतः करायच्या आणि आमच्या हातचं पाणी चालवून घ्यायच्या. "सासूबाईंना कळलं तर मला घरात घेणार नाहीत हो," असं मला हसून सांगितलं. चांगली बाई होती. त्यांच्याबद्दल मला आजही वाईट बोलायचं नाही. आल्या आल्या दोघांनी धुळीच्या आंघोळी केल्या आणि न्हाणीतलं पिंप तळाला गेलं.

पहाटे मी झिऱ्यावर गेले. पुढे दोघी, मग जानी, मग मी. जानीचा चेहरा उतरलेला. म्हणाली, "चंदीला रात्रभर उलट्या-जुलाब चाललेत. घरात होतं नव्हतं ते पाणी पाजलं. माझ्या पण पोटात कालपासून कायच नाय."

"मग इथं कशाला बसलीस?"

"पाळी जाईल ना."

"मडकं हाय ना रांगेत. जा. मी हाय मागं."

ती उठली, दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, "भागीबाय, भरशील ना?"

भागी म्हणजे मी. मी म्हटलं, "जा गं शेंबडे, भरते."

हे माझे शब्द. दुसऱ्या कुणी माझ्या तोंडी घातलेले नाहीत.

पुढच्या दोघींची मडकी भरली, त्या गेल्या. जानीचं मडकं खळग्याशी आलं. मी करवंटी हातात घेतली तेवढ्यात वरून नवरा आला, हातात बंगल्याच्या तीन घागरी.

"पिंप कोरडं हाय. साहेब न्हाणीत जाऊन परत आले. बाई इचारतात, पाणी कधी येईल."

"जानीचं भरते, मग आपलं."

"मग आपल्याला काय उरेल? सूर्य बघ कुठं आला. मागच्या पावण्यांनी तक्रार केली तेव्हा शेट काय बोलला, आठवतंय ना? पाणी झेपत नसेल तर दुसरा माणूस बघतो. दुसरा माणूस म्हणजे दुसरं बिऱ्हाड. चल, आपण पाड्यावर झोपडी बांधू. तू पेंढा आण."

मी वर बंगल्याकडे पाहिलं. मागच्या बाजूला आमच्या खोलीची कौलं दिसत होती.

मी जानीचं मडकं उचलून बाजूला ठेवलं. रिकामं.

त्या वेळी मनात काय आलं तेही लिहिते. पाहुणे दोन दिवसांचे, जानी रोजची. रोजच्या माणसाला काय, उद्या देता येतं, असं आपल्याला वाटतं. मी ठरवलं होतं की पहिली घागर वर टाकून परत येईन आणि जे काही झिरपलं असेल ते तिच्या मडक्यात भरीन. पण एक झाली, दुसरी झाली, तिसरी झाली आणि माझं मडकं भरेपर्यंत खळग्यात ओल तेवढी राहिली. वर गेले तर बाईंनी चहाची भांडी घासायला काढली, साहेबांचे बूट धुळीचे, खोल्या झाडायच्या... परत झिऱ्यावर आले तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. जानीचं मडकं तिथं नव्हतं. पाड्यातली एक म्हातारी सावलीला बसली होती.

मी विचारलं, "जानी आली होती?"

"आली नि गेली."

"घरी?"

"नाय. खाली डोहाकडं. मडकं घेऊन."

खाली डोह म्हणजे दरीत, नदीचा. दीड कोस उतार आणि तेवढाच चढ. वैशाखातलं ऊन. सावली नाही म्हटलं तरी चालेल.

"काय बोलली?"

"कायच नाय. मडक्यात बघितलं. मग बंगल्याकडं बघितलं. उचललं नि गेली."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हातारीला म्हटलं, चंदीकडे जरा बघ. ती म्हणाली, बघते. ती गेली नाही. मीही गेले नाही. मला पाहुण्यांचं जेवणाचं ताट मांडायचं होतं.

दुपारी तीनचा सुमार. साहेब घोरत होते. बाई व्हरांड्यात आरामखुर्चीत बसून काहीतरी विणत होत्या. मी आत तांदूळ निवडत होते. बाईंनी हाक मारली, "अहो भागीबाई, बाहेर या ना, लवकर! ती बाई बघा कशी चाललीय. डोक्यावर भरलेलं मडकं आणि दोन्ही हात सोडलेले. एक थेंब सांडत नाही हो. आणि वर पान काय छान झाकलंय!"

मी उठले नाही. जानीच असणार हे मला कळलं. मडकं घेऊन खाली गेलेली ती एकटीच होती. मी सूप हलवत आतूनच म्हटलं, "पाड्यावरची असेल. आमच्या बायांना सवय असते." आणि मनात म्हटलं, मिळालं बाई एकदाचं पाणी. सुटले.

पानाचं बोलणं मी ऐकलं होतं. पण तेव्हा ते डोक्यात शिरलं नाही.

मी तेव्हा उठून बाहेर गेले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती, किंवा निदान काय बघितलं ते तरी सांगता आलं असतं. मी गेले नाही. तोंड दाखवायचं नव्हतं म्हणून गेले नाही.

ऊन कलल्यावर खालून आरडाओरडा ऐकू आला. बाहेर आले तर चार माणसं घोंगडीची झोळी करून चढण चढत होती. झोळीत जानी होती. खालच्या पाड्याचा म्हातारा गुराखी पुढे होता. त्यानं सांगितलं ते असं. सूर्य डोक्यावर असताना तो गुरं पाण्यावर नेत होता. अर्ध्या उतारावर ऐनाचं एक झाड आहे, त्याच्या बुंध्याशी जानी पडलेली दिसली. हाक मारली, हलवलं. अंगात जीव नव्हता. तो तिथंच बसला, ओरडून खालच्या पाड्यावरची माणसं बोलावली. ती यायला वेळ लागला. मग घोंगडी, मग दांडे, मग चढण. तेव्हापासून आत्तापर्यंत कुणी ना कुणी तिच्याजवळ होतं. तिला एकटी सोडलेली नाही.

मी विचारलं, "सूर्य डोक्यावर असताना?"

"डोक्यावर म्हंजे डोक्यावर. माझी सावली माझ्या पायात होती."

"दुपारी परत येताना पडली असेल. बंगल्यावरच्या बाईंनी तिला बघितलं पाणी नेताना..."

तो म्हणाला, "बाय, ती खाली पोचलीच नाय. पाय बघ तिचे. डोहावर गेलेल्या बाईच्या पायाला चिखल असतो."

मी पाय बघितले. भेगांत लाल धूळ. कोरडी.

"आणि मडकं?"

"मडकं नव्हतं. ही एवढी होती बाजूला." त्यानं कापडाची चुंबळ दाखवली, डोक्यावर मडक्याखाली ठेवतात ती. "मडकं गेलं असेल घरंगळत दरीत."

चुंबळही कोरडी होती. मी हातात घेऊन दाबून बघितली.

मग सगळ्यांना एकदम चंदीची आठवण झाली. सकाळपासून पोर एकटी, उलट्या-जुलाब, घरात पाण्याचा थेंब नाही. सगळ्यांच्या मनात एकच होतं, की आता दोन खड्डे खणावे लागणार. बाया पुढे धावल्या, मीही धावले.

झोपडीचं दार लोटलेलं होतं. आत चंदी गोधडीवर झोपली होती. श्वास चालू होता. तोंड पुसलेलं, केस ओले करून मागे सारलेले. उशाशी मडकं. पाऊण भरलेलं. कानाजवळ राळेचा काळा ठिपका.

आणि मडक्यावर पळसाचं पान.

मी उंबऱ्यातच थांबले. बाकीच्या बायांनी मडकं बघितलं, पान बघितलं आणि मग सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. त्या सकाळी रांगेत जानीच्या मागे कोण होतं हे सगळ्यांना माहीत होतं. ती झिऱ्यावरची म्हातारी, जिनं जानीला रिकामं मडकं उचलताना बघितलं होतं, तीसुद्धा गोंधळली. म्हणाली, "भागीनं मागून भरून आणून ठेवलं असंल. जानीला कळलंच नाय बिचारीला. उगाच गेली उन्हाची."

एकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू होतीस म्हणून पोर वाचली."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात चंदी जागी झाली. एवढ्या बाया बघून घाबरली नाही. म्हणाली, "आई कुठं गेली?"

मी विचारलं, "आई आली होती का चंदे?"

"हो. पाणी पाजलं. तोंड धुतलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई म्हणाली, भागीमावशीनं भरून दिलं."

मी तोंड मिटलं.

त्या संध्याकाळी बंगल्यावर गेले तेव्हा बाई व्हरांड्यात रडत होत्या. त्यांना कळलं होतं की पाड्यावरची बाई गेली. आपल्या आंघोळीचा त्याच्याशी काही संबंध आहे हे त्यांना कळलं नव्हतं आणि मी सांगितलं नाही. मी त्यांना फक्त विचारलं, दुपारची ती बाई कुठल्या बाजूनं आली? दरीच्या वाटेनं ना?

"नाही हो. त्या तुमच्या झऱ्याकडून. सकाळी तुम्ही पाणी आणत होतात ना, तिथून."

"लुगडं?"

"हिरवट. खांद्याशी ठिगळ होतं."

जानीला घोंगडीतून खाली ठेवली तेव्हा मी ते ठिगळ बघितलं होतं. ते मीच लावून दिलेलं, माझ्या जुन्या लुगड्याचं. आणि झिरा दुपारी तीनला कोरडा ठणठणीत असतो. वैशाखात तिथं त्या वेळी पक्षीसुद्धा जात नाहीत.

सोमवारी सकाळी पाहुणे गेले. बंगल्यात एक वही होती, पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची. मला वाचता येत होतं म्हणून मी वाचली. बाईंनी लिहिलं होतं, "जागा अतिशय शांत. राखणदार व त्याची पत्नी फार अगत्यशील. पाणी गोड." शेवटचे दोन शब्द मी कितीतरी वेळ बघत उभी होते.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या कुणीतरी दया येऊन मडकं भरून ठेवलं असेल. मीही तेच म्हणते. मला तेच हवं होतं. मी पाड्यावरच्या सातही घरांत जाऊन विचारलं, पुढे कितीतरी दिवस. कुणी हो म्हणालं नाही. चांगलं काम करून कबूल न करणारी बाई मी अजून बघितली नाही. बरं, कुणी भरलं म्हणा. मडकं तर जानी घेऊन गेली होती. ते ऐनाच्या झाडाखालून वर कुणी आणलं? पाणी कुठून आणलं? पोरीला आई कोण दिसली? आणि गिरगावच्या बाईंना, ज्यांनी जानीला जन्मात कधी बघितलं नव्हतं, तिच्या खांद्यावरचं ठिगळ कसं दिसलं? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आपल्याला बरंच झालं ना? मग कशाला उकरतेस?" तो वाईट माणूस नव्हता. त्याला पाड्यावरच्या माणसांतच दिवस काढायचे होते, मलाही.

जानीचा नवरा मिठागरावरून दहा-बारा दिवसांनी आला. माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत. पुढच्या वर्षी त्यानं दुसरं लग्न केलं, त्यात गैर काही नाही. चंदी आमच्याकडे राहिली. मला मूल झालं नाही. तिला मी वाढवली, मारलीही, शाळेत घातलं तर पळून यायची. लग्न करून खोडाळ्याला दिली. आमची कौलं नंतर चार वर्षांनी गेलीच. कासमशेट वारला, मुलांनी बंगला विकला. पाड्यावर झोपडी बांधली आणि पेंढा मीच आणला.

चंदी आता आजी आहे. दर वर्षी नवं भात झालं की कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, दाखवून पहिली पायली माझ्याकडे घेऊन येते. खोडाळ्याहून, पूर्वी पायी, आता एस.टी.नं. आणि प्रत्येक वेळी बरोबर आणलेल्या पोराबाळांना माझ्यासमोर बसवून तेच सांगते. "आई गेली त्या दिवशी हिनं आपलं सोडून आईचं मडकं भरलं. म्हणून मी हाय, म्हणून तुम्ही." पोरं पाया पडतात. मी म्हणते, पुरे झालं, चहा घ्या.

एवढी वर्षं झाली. ते पाणी कुठून आलं, कुणी आणलं, याचा उलगडा मला झाला नाही आणि आता होईल असं वाटत नाही. पण खरं सांगते, ते कोडं मला आता तितकं छळत नाही. मेल्यावर माणूस पोरासाठी येत असेल, कुणाला माहीत. मला कळत नाही ते दुसरंच. पान का झाकलं? स्वतः भरलं होतं तर पानाची गरज नव्हती. आणि पोरीला माझं नाव का सांगितलं? मला वाचवायला की जन्मभर असं दर वर्षी भाजायला? जानी असती तर म्हणाली असती, "कौलवाली, दोन्ही."

गिरगावच्या बाईंनी ती दिसल्यावर मला हाक मारली होती. मी तांदूळ निवडत होते.

परवा चंदी आजारी असल्याचं कळलं. तिचा नातू खोडाळ्याला मास्तर आहे आणि तो हा अंक घेतो, म्हणून इथं लिहिलं. तोंडानं सांगायला मी आयुष्यभर गेले नाही, आता पायही चालत नाहीत. मास्तर, हे आजीला मोठ्यानं वाचून दाखव. मधलं गाळू नकोस.

चंदे, तुझ्या आईचं मडकं मी भरलं नव्हतं. मी ते बाजूला सारलं होतं. या वर्षीचं भात मला पाठवू नकोस... आणि सगळं ऐकूनही पाठवावंसं वाटलं, तर वर पान झाकून पाठव.